धातूचा मळ आणि धातूचा रंग

भांड्यांच्या व लोखंडी सामानाच्या व्यापारात ज्यांची हयात गेली, त्यांस वस्तूचे वजन, घडण आणि भाव यांची पारख शिकवावी लागत नाही. तथापि वस्तू ग्राहकाच्या घरी गेल्यावर तिची निगा कशी राखली जाते, या प्रश्नाकडे आपल्या व्यवसायात पुरेसे लक्ष दिले जात नाही. पुष्कळशा मौल्यवान वस्तू वापराने बिघडत नाहीत. त्या अवेळी व अविचाराने केलेल्या सफाईने बिघडतात. बिदर तालुक्यातील जनवाडा आणि आसपासच्या गावांतील ग्राहकांशी ज्यांचा नित्य व्यवहार आहे, त्यांस हा विषय विशेष निकटचा वाटावा. कारण असा अपघात ज्या वस्तूच्या बाबतीत सर्वांत सहज घडतो, ती बिदरी वस्तू त्यांच्या शेजारीच घडते.

आपल्या घरांतून तांब्यापितळेची भांडी चिंचेने घासण्याची चाल फार जुनी आहे, व ती शास्त्रशुद्धही आहे. तांबे हवेत राहिले म्हणजे त्यावर काळसर थर चढतो. चिंचेतील टार्टारिक आम्ल हा थर विरघळवून टाकते आणि खालचे तांबे पुन्हा उजळते. येथे वरचा थर हा मळ, व खालचा उजळपणा हे धातूचे रूप. या अनुभवावरून गृहिणीच्या मनात एक सिद्धान्त दृढ होतो, की जे काळे ते घाण आणि जे चकचकीत ते स्वच्छ. तांब्यापुरता हा सिद्धान्त खरा आहे. बिदरीस तो लावला की अनर्थ ओढवतो.

बिदरी वस्तूचा गाभा जस्ताचा असतो. त्यात अल्प प्रमाणात तांबे मिसळलेले असते. सर्वसाधारणपणे सोळा भाग जस्तास एक भाग तांबे असे प्रमाण सांगितले जाते. मातीच्या साच्यात ओतून निघालेली वस्तू कानशीने गुळगुळीत करतात. मग तिच्यावर मोरचुदाचे पाणी लावून तिला तात्पुरते काळे करतात, म्हणजे छिन्नीने कोरलेली रेघ पांढरी उठून दिसते. कोरलेल्या खाचांत चांदीची तार अथवा पत्रा ठोकून बसवितात व पृष्ठभाग पुन्हा घासून सपाट करतात. या वेळी मोरचुदाचा काळेपणा निघून जातो, आणि चांदी व जस्त दोन्ही पांढुरकी असल्यामुळे इतक्या श्रमाने काढलेली नक्षी जवळजवळ दिसेनाशी होते.

ती पुन्हा प्रकट होते अखेरच्या संस्कारात. बिदरच्या किल्ल्यातील जुनी, ऊनपावसापासून आडोशास राहिलेली माती आणि नवसागर यांच्या कढत पाण्यात वस्तू बुडविली जाते. योग्य मातीची परीक्षा कारागीर जिभेवर चव घेऊन करतात, असे सांगतात. या पाण्याच्या क्रियेने पृष्ठभागावरील जस्त विरघळते, मागे राहिलेले तांबे पालटून काळेभोर होते, आणि चांदी मात्र जशीच्या तशी शुभ्र राहते. शेवटी तेलाचा हात फिरविला की काळ्या भूमीवर चांदीची वेल झळकू लागते. मिश्रणात तांबे थोडेच असले तरी त्यावाचून हा काळा रंग धरत नाही. म्हणजे येथे काळा थर हाच वस्तूचा प्राण होय. या कलेस २००६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि बिदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांस २०२३ साली पद्मश्री देण्यात आली, तो मानही या काळ्याशुभ्र रूपाचाच आहे.

अशी सुरई वा डबी आहेरात मिळालेल्या घरी दिवाळीची सफाई निघते, आणि तांब्याच्या कळशीबरोबर तिलाही चिंचेचा प्रसाद मिळतो. जस्ताचा स्वभाव असा, की ते आम्लातही विरघळते व तीव्र क्षारातही. त्यामुळे चिंच, लिंबू, ताक यांनी जी हानी होते, तीच धुण्याच्या सोड्यानेही होते. चांदी उजळविण्याची काही बाजारी औषधेही आम्लयुक्त असतात. त्यांनी चांदी उजळते खरी, परंतु भोवतालची काळी भूमी फिकट व डागाळ होते. वास्तविक बिदरीस कोरड्या मऊ कापडाने पुसणे व क्वचित खोबरेल तेलाचा बोट फिरविणे एवढीच सेवा पुरते. तीत पाणी अथवा आंबट पदार्थ साठवू नये. रंग उतरलाच, तर वस्तू टाकाऊ न मानता कारागिराकडे न्यावी; त्याच मातीने व नवसागराने तो पुन्हा चढविता येतो.

वाचक म्हणतील, ही जुन्या कलेची गोष्ट झाली, आजच्या व्यापाराशी तिचा संबंध काय? तो पाहण्यासाठी मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात डोकवावे. शर्यतीच्या धाटणीच्या मोटारींस व मोटारसायकलींस टायटॅनियम धातूचे सायलेन्सर बसविण्याची आवड अलीकडे वाढली आहे. २००१ सालच्या कॉर्वेट झेड-०६ या अमेरिकन मोटारीस कारखान्यातूनच असे सायलेन्सर दिलेले होते. हा धातू आपणांस सर्वस्वी परका नाही. त्याचे खनिज इल्मेनाइट रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूत आढळते, केरळात चवरा येथे हा धातू काढला जातो, आणि बिदरहून जवळच्या हैदराबादेत मिधानी या सरकारी कारखान्यात त्याची मिश्रणे तयार होतात.

अशा सायलेन्सरचे टोक काही दिवसांत सोनेरी, जांभळे, निळे दिसू लागते. हजारो रुपये मोजलेला मालक त्यास डाग समजून अस्वस्थ होतो व दुकानात येऊन जालीम औषध मागतो. त्याच्या हातून घडू पाहणारी चूक चिंचेच्याच जातीची असते. टायटॅनियमवर ऑक्साइडचा एक पारदर्शक पापुद्रा नेहमीच असतो. तोच त्यास गंजण्यापासून राखतो. उष्णतेने हा पापुद्रा जाड होतो. जाड म्हणजे तरी किती, तर मिलिमीटरच्या दशलक्षाव्या भागाच्या काही दसपट. त्याच्या वरच्या व खालच्या अंगावरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात व जाडीप्रमाणे निरनिराळे रंग उमटतात. पाण्यावर सांडलेल्या तेलात दिसणारे इंद्रधनुष्य याच नियमाने दिसते. भिंतीच्या पांढऱ्या रंगात घालतात ते याच धातूचे ऑक्साइड. तेथे भुकटीच्या रूपात ते शुभ्र दिसते, आणि येथे पापुद्र्याच्या रूपात निळे.

तेव्हा सायलेन्सरच्या टोकावर दोन वेगळ्या गोष्टी असतात, आणि त्यांस वेगळे ओळखणे हीच सफाईची पहिली पायरी. काजळी, तेलाचे ओघळ, रस्त्याचे डांबर हा मळ. यंत्र पूर्ण निवल्यावर सौम्य साबणाच्या पाण्याने व मऊ कापडाने तो काढावा. तेलकट डागास आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरावे आणि शेवटी पृष्ठभाग कोरडा करावा. बोटांचे ठसे यंत्र सुरू करण्यापूर्वीच पुसावेत, अन्यथा तापलेल्या धातूवर ते भाजून पक्के बसतात. सोनेरी–निळा रंग मात्र धुण्याने जाणार नाही, कारण तो वर बसलेला नाहीच. पॉलिशने घासून तो काढता येतो, परंतु यंत्र तापले की तो पुन्हा उमटतो, आणि घासणे असमान झाले असल्यास पूर्वीपेक्षा ओबडधोबड उमटतो. लोखंडी तारेच्या घासणीने लोखंडाचे कण रुतून बसतात व मागाहून त्यांचा तांबूस गंज दिसतो. हायड्रोफ्लोरिक आम्ल असलेली औषधे तर धातू खातातच, शिवाय माणसाच्या त्वचेतून आत शिरून भयंकर इजा करतात; ती दुकानात ठेवूच नयेत.

येथे व्यापाऱ्याचे कर्तव्य उभे राहते. जालीम औषध विकून चार पैसे सुटतात. औषधाची गरज नाही असे सांगून काहीच सुटत नाही. तसेच जस्ती मालावर काळे रोगण चढवून तो बिदरी म्हणून, व स्टीलच्या नळीस निळी झाक देऊन ती टायटॅनियम म्हणून विकण्याचा मोह आहेच. अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत प्रतिरूपक व्यवहाराची, म्हणजे अस्सलाच्या नावे नक्कल देण्याची, गणना शास्त्रकारांनी केली आहे, हे आपणांस नव्याने सांगावयास नको. पारख कठीण नाही. रोगणाचा काळेपणा पापुद्र्याने सुटतो. नळीच्या बाबतीत चुंबकावर विसंबू नये, कारण स्टेनलेस स्टीलच्या काही जातीही चुंबकास चिकटत नाहीत. तराजू अधिक प्रामाणिक आहे. समान आकारमानाच्या पाण्याच्या तुलनेत टायटॅनियम सुमारे साडेचार पट, तर पोलाद जवळजवळ आठ पट जड भरते.

आत्म्याचा स्वभाव कोणता आणि त्यास चिकटलेला कर्ममल कोणता, हा विवेक आपल्या धर्माने आपणांस शिकविला आहे. दुकानाच्या गादीवर त्याच विवेकाचे एक लहान रूप रोज उपयोगी पडते. बिदरीची डबी बांधून देताना “हिला चिंच लावू नका, कोरड्या फडक्याने पुसा” असे, आणि सायलेन्सर देताना “हा निळा रंग डाग नव्हे” असे एक वाक्य उच्चारावयास काही खर्च येत नाही. जमल्यास तेच वाक्य पावतीच्या पाठीवर मराठीत व कन्नडात छापून द्यावे. त्या वाक्याने कारागिराचे महिन्यांचे श्रम वाचतील, ग्राहकाचा पैसा वाचेल, आणि तो ग्राहक पुढच्या खेपेस त्याच दुकानाची पायरी चढेल.