सर्टिफिकेट भिंतीवर, फार्मासिस्ट कुठे?

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२५ च्या अखेरीस एक मसुदा अधिसूचना काढली. औषध नियमावलीच्या अनुसूची ‘के’मधील तेराव्या नोंदीतून सिरप वगळायचे, एवढाच तिचा आशय. ‘आता खोकल्याचे औषध सहज मिळणार नाही’ असे मथळे झाले आणि मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या सिरपने झालेल्या बालमृत्यूंनंतर सरकार हलले, असे वाटून अनेकांनी पान उलटले. ती नोंद मुळात काय आहे? हजारापर्यंत वस्तीच्या खेड्यात अॅस्पिरिन, पॅरासिटामॉल, ग्राइप वॉटर, बाम, खोकल्याच्या गोळ्या आणि सिरप अशी घरगुती औषधे परवान्याशिवाय विकता यावीत, म्हणून दिलेली जुनी सवलत. ती आता सिरपपुरती जाईल. जाऊ दे, चांगलेच आहे. पण छिंदवाड्यातल्या परासियाच्या मुलांच्या पोटात गेलेले ‘कोल्ड्रिफ’ सिरप किराणा दुकानातून आलेले नव्हते. परवाना असलेल्या कारखान्यात ते बनले होते आणि पदवीधर डॉक्टरच्या चिठ्ठीवर, परवान्याच्या दुकानातून ते घरोघर पोहोचले होते. ज्या वाटेने विष आले ती वाट अनुसूची ‘के’मधून जातच नाही.

बाकी तपशील वाचकांना ठाऊक आहेत. कांचीपुरम जिल्ह्यातली श्रीसन फार्मा, एसआर-१३ ही बॅच, मूत्रपिंडे निकामी झालेल्या मुलांना नागपूरला हलवण्यासाठी आईबापांनी केलेली धावपळ. तपासलेल्या काही नमुन्यांत विषारी द्रव्य नाही, असे केंद्राने ३ ऑक्टोबर २०२५ ला सांगितले. पाठोपाठ तामिळनाडूच्या प्रयोगशाळेचा अहवाल आला. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल या विषाचे प्रमाण ४८.६ टक्के होते. मर्यादा आहे ०.१ टक्का. मग कारखान्याची झडती झाली आणि साडेतीनशेहून अधिक त्रुटी निघाल्या. त्या एका रात्रीत साठल्या नसणार. इतकी वर्षे तिथे कोणी गेलेच नसेल, किंवा जाऊन चहा पिऊन परतले असेल.

महाराष्ट्राला हे नवे नाही. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात चौदा रुग्ण दगावले. मेंदूतला किंवा डोळ्यांतला दाब उतरावा म्हणून त्यांना ग्लिसरीन पाजले होते आणि त्या ग्लिसरीनमध्ये हेच डायएथिलीन ग्लायकॉल होते. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा चौकशी आयोग नेमला गेला. आपल्याकडच्या आयोगांचे अहवाल बहुधा गुळगुळीत असतात. लेंटिन यांचा तसा नव्हता. एक वाईट बाटली शोधून ते थांबले नाहीत, ती बाटली ज्या-ज्या हातांतून गेली त्या प्रत्येक हातापाशी गेले. पुरवठादार कोण होता, त्याला मान्यता कोणी दिली, रुग्णालयाने खरेदी कशी केली, अन्न व औषध प्रशासनातले अधिकारी काय करत होते आणि मंत्रालयातून त्यांना कोण सांभाळून घेत होते, हे सगळे त्यांनी जाहीर सुनावणीत उलगडले. अहवाल विधिमंडळात आला आणि आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पद सोडावे लागले. औषधामुळे मंत्र्याचे पद गेल्याची उदाहरणे आपल्याकडे बोटावर मोजण्याइतकीही नाहीत. छिंदवाड्याच्या प्रकरणात डॉक्टर आणि कारखान्याचा मालक तुरुंगात गेले. जबाबदारी मंत्रालयापर्यंत मात्र गेली नाही. लेंटिन यांचा अहवाल प्रत्येक राज्याच्या औषध नियंत्रकाला नोकरीच्या पहिल्या दिवशी वाचायला द्यावा, असे मला मनापासून वाटते. प्रश्नपत्रिकेसकट.

जे. जे.च्या मृत्यूंनंतर सतरा वर्षांनी, २००३ मध्ये, डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या समितीने साधे गणित मांडले: पन्नास कारखान्यांमागे एक आणि दोनशे दुकानांमागे एक औषध निरीक्षक हवा. त्याच समितीची बनावट औषधवाल्यांना फाशी देण्याची शिफारस सगळ्यांच्या लक्षात राहिली, कारण ती दणदणीत होती. निरीक्षकांची भरती कोणाला लक्षात राहणार? शिक्षा वाढवायला एक दुरुस्ती पुरते, पगार मात्र दर महिन्याला द्यावे लागतात. आणि शिक्षेचेही असे झाले की २०२३ च्या जनविश्वास कायद्याने निकृष्ट औषधांच्या काही गुन्ह्यांत तडजोडीने दंड भरून मोकळे होण्याची सोय झाली. उद्योगावरचा जाच कमी करायचा, हे त्याचे कारण. कोणाचा जाच, हे विचारण्याची पद्धत नाही.

आता दुकानाकडे येऊ, कारण या लेखाचा खरा विषय तिथे उभा आहे. किंवा उभा नाही. औषध नियमावलीचा नियम ६५ सांगतो की चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच दिले पाहिजे आणि विक्रीच्या नोंदीत उत्पादक, बॅच क्रमांक व मुदत यांबरोबर त्याची सही हवी. १९४८ च्या फार्मसी कायद्याचे कलम ४२ म्हणते की फार्मासिस्टखेरीज इतर कोणी औषध तयार करून देऊ नये. इतके स्पष्ट कायदे आपल्याकडे फार थोडे आहेत. आणि वस्तुस्थिती? काउंटरच्या मागे चौकटीत सर्टिफिकेट टांगलेले असते. फोटोतला माणूस दुसऱ्याच गावात दुसरीच नोकरी करत असतो आणि त्याला दरमहा सर्टिफिकेटचे भाडे पोहोचते. काउंटरवर बारावी झालेला, चलाख आणि स्वभावाने गोड मुलगा. त्याला प्रत्येक गोळीचा रंग पाठ आहे, पर्यायी ब्रँड पाठ आहे, कशावर किती मार्जिन तेही पाठ आहे. बिलावर फार्मासिस्टची सही हवी असते, ती रबरी शिक्क्याची असते किंवा पुस्तकभर आधीच केलेली असते. हे अन्न व औषध प्रशासनाला माहीत नाही, असे समजायला फार भाबडेपणा लागेल.

हे बदलायचा एक गंभीर प्रयत्न महाराष्ट्रातच झाला. महेश झगडे अन्न व औषध आयुक्त असताना फार्मासिस्ट नसलेल्या दुकानांवर धडाक्याने कारवाई झाली, परवाने निलंबित झाले. औषध विक्रेत्यांच्या संघटनेने बंद पुकारले. ‘एवढे फार्मासिस्ट आणायचे कुठून?’ हा त्यांचा सवाल होता आणि तो ज्या राज्यात तालुक्यातालुक्यात डी.फार्म.ची कॉलेजे निघाली त्या राज्यात विचारला जात होता. मुले शिकून बाहेर पडतात, पण काउंटरवर मिळणारा पगार पाहून एमआर होतात, कारखान्यात जातात, स्पर्धा परीक्षांना बसतात. पुढे आयुक्त बदलले आणि मोहीम निवली.

काउंटरवर खरा फार्मासिस्ट असता, तर परासियाची मुले वाचली असती का? इथे उत्साहाला आवर घालायला हवा. सीलबंद बाटलीत डायएथिलीन ग्लायकॉल आहे की नाही, हे कोणताही फार्मासिस्ट डोळ्यांनी ओळखू शकत नाही; ते काम कारखान्याच्या आणि सरकारच्या प्रयोगशाळेचे. पण एक गोष्ट त्याला दिसली असती. कोल्ड्रिफमध्ये पॅरासिटामॉलबरोबर क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन होते. शेवटच्या दोघांची जोडी चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा औषध महानियंत्रकांचा आदेश डिसेंबर २०२३ चा आहे. दगावलेल्यांत बरीच मुले याहून लहान होती. चिठ्ठीवर वय असते. ‘डॉक्टर, हे या वयाला चालत नाही’ असा एक फोन पुरला असता. पण दवाखान्याच्या भिंतीला भिंत लावून असलेले मेडिकल त्याच दवाखान्याच्या चिठ्ठ्यांवर जगते. तिथला नोकर डॉक्टरला फोन करून हे सांगेल? नाकारण्याचा अधिकार कागदावर आहे, तो वापरणाऱ्याची नोकरी टिकेल याची हमी कोणीच देत नाही.

दुसरे काम बॅच परत मागवण्याचे. मध्य प्रदेशात बाटल्या शोधायला घरोघर फिरावे लागले. बिलावर बॅच क्रमांक आणि रुग्णाचे नाव खरोखर लिहिले जात असते, तर कोणाच्या घरी कोणती बाटली गेली, हे दुकानातच कळले असते. नियम ६५ याचसाठी आहे. आपण मात्र ‘बिल नको, चार रुपये कमी करा’ म्हणणारे गिऱ्हाईक. दोष एका बाजूलाच घालून चालणार नाही.

या पार्श्वभूमीवर सरकार फार्मासिस्टची भूमिका ‘विस्तारते’ आहे, तेव्हा हसावे की काळजी करावी, हे समजत नाही. २०१४ पासून एच-१ गटातल्या प्रतिजैविकांचे आणि क्षयाच्या औषधांचे वेगळे रजिस्टर त्याने तीन वर्षे जपायचे. २०१८ पासून क्षयाची औषधे घेणाऱ्या रुग्णाची माहिती त्याने सरकारला कळवायची. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस विनियमांनुसार रुग्णाला समजावून सांगायचे, पांढरा कोट घालायचा. आता दुकानात औषधांच्या दुष्परिणामांची तक्रार नोंदवण्याचा क्यूआर कोड लावायचा, असा आदेश आला आहे. कामे वाढत गेली. ना त्यांचे पैसे, ना वेळ, ना मान. मे २०२२ च्या मसुद्यात याच सरकारने सोळा औषधे चिठ्ठीशिवाय मोकळी करायचे ठरवले होते. आज सिरप बंद, काल गोळी मोकळी.

इंग्लंडचा दाखला दिला की आपल्याकडे लोक वैतागतात, तरी देतो. ३१ जानेवारी २०२४ पासून तिथे ‘फार्मसी फर्स्ट’ योजना सुरू आहे. घसादुखी, कानदुखी, सायनसचा त्रास, नागीण, कीटकदंशाचा संसर्ग, इम्पेटिगो हा त्वचारोग आणि स्त्रियांचा साधा मूत्रमार्गसंसर्ग अशा सात तक्रारींवर गल्लीतला फार्मासिस्टच तपासून औषध देतो, गरज पडल्यास प्रतिजैविकही. सुरुवातीला प्रत्येक तपासणीचे १५ पौंड त्याच्या दुकानाला सरकार देत होते. त्या वेळी दुकानाची जबाबदारी कोणत्या फार्मासिस्टवर आहे, त्याचे नाव आणि नोंदणी क्रमांक दर्शनी भागात लावावाच लागतो. तिथेही सगळे गोड नाही: दुकाने बंद पडताहेत, पैसे पुरत नाहीत अशी ओरड आहे. पण त्यांनी एक धडा घेतला. प्रेडनिसोलोनऐवजी प्रोप्रॅनोलॉल दिल्याबद्दल २००९ मध्ये एका फार्मासिस्टला फौजदारी शिक्षा झाली. अपिलात ती दंडापुरती उरली, तरी धास्ती राहिली. चूक कळवली तर गुन्हा आपल्यावरच, अशी. २०१८ मध्ये कायदा बदलला आणि ठरावीक अटींवर प्रामाणिक चुकीला फौजदारी खटल्यातून बचाव मिळाला. औषध नोंदणीकृत फार्मासिस्टने किंवा त्याच्या देखरेखीखाली दिलेले असणे आणि चूक कळताच रुग्णाला सांगणे, या त्यातल्या महत्त्वाच्या अटी आहेत.

सिरपच्या मसुद्यावर हरकती मागवल्या गेल्या, तर माझी हरकत ही. सिरप वगळा, पण त्याबरोबर राज्यांकडून दरवर्षी एक आकडा जाहीर करून घ्या: अचानक तपासलेल्या किती दुकानांत सर्टिफिकेटवरचा माणूस प्रत्यक्ष सापडला. छोट्या कारखान्यांना सुधारित अनुसूची ‘एम’साठी, म्हणजे औषध उत्पादनाच्या निकषांसाठी, दिलेली मुदत ३१ डिसेंबर २०२५ ला संपली, त्यातले किती तपासले, किती बंद केले, तेही त्याच पानावर छापा. तोवर कोणाला औषधाची शंका आली, तर महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाचा टोल-फ्री क्रमांक १८००२२२३६५ आहे आणि दुष्परिणाम कळवण्याचा राष्ट्रीय क्रमांक १८००-१८०-३०२४. फोन लावलात, तर तिकडून बॅच क्रमांक विचारतील. बिल घेतले असेल, तर सांगता येईल.