फराळाच्या ताटाशेजारी कांजीची कार्डं

पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची दिवाळी एखाद्या वर्षी निवांत जाते, एखाद्या वर्षी धास्तीत. याला कारण अधिक महिना. जपानी भाषेची जेएलपीटी ही परीक्षा डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते आणि तिला पंचांगाशी काही देणंघेणं नाही. २०२३ मध्ये अधिक श्रावण आल्यामुळे दिवाळी लांबली. लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला आणि परीक्षा ३ डिसेंबरला, म्हणजे मध्ये जेमतेम तीन आठवडे. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला झालं, परीक्षा ७ डिसेंबरला. तब्बल ४७ दिवस हाताशी. ही परीक्षा जुलैमध्येही होते, पण त्या वेळी पाऊस असतो आणि पाहुणेही कमी असतात. खरी ओढाताण शरदातली. गड हिरवेगार, हवा स्वच्छ, मावशीचा फोन आणि टेबलावर कांजीची, म्हणजे जपानी चित्राक्षरांची, वही.

(कांजी म्हटलं की घरातल्या आजीला पेज आठवते. हा विनोद प्रत्येक बॅचमध्ये एकदा होतोच.)

परीक्षा १९८४ पासून चालू आहे. पूर्वी तिच्या चार पातळ्या होत्या, २०१० पासून पाच झाल्या. जुन्या पद्धतीत सर्वांत खालच्या पातळीला सुमारे १०० कांजी आणि ८०० शब्द अपेक्षित असत, तर सर्वांत वरच्या पातळीला २००० कांजी आणि १०,००० शब्द. आता अशा याद्या अधिकृतपणे प्रसिद्ध होत नाहीत. पण एवढा माल डोक्यात भरायचा म्हटल्यावर चार दिवसांची सुट्टीही महाग वाटू लागते, यात नवल नाही.

गंमत अशी, की सुट्टी तेवढी महाग नसते. महागात पडतो तो सुट्टीनंतरचा ढीग. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरजुळण्या स्वतःच पाठ केल्या आणि त्या किती वेगाने विसरतात याचा हिशेब १८८५ मध्ये मांडला. विसरण्याचा वेग सुरुवातीला भयंकर असतो, मग मंदावतो. त्यामुळे शब्द निसटायच्या बेतात असतानाच त्याची उजळणी करायची आणि दर वेळी अंतर वाढवत न्यायचं, या तत्त्वावर २००६ मध्ये ‘आंकी’ हे अ‍ॅप आलं. आंकी म्हणजे जपानीत पाठांतर. अ‍ॅपमध्ये काही बदललं नाही, तर ते रोज २० नवी कार्डं पुढे करतं. प्रत्येक कार्ड पुढच्या दिवसांत पुन्हा पुन्हा दारात उभं राहतं, आणि काही आठवड्यांत रोजची उजळणी दीड-दोनशेच्या घरात जाते. नरकचतुर्दशी ते भाऊबीज अ‍ॅप उघडलं नाही, तर नंतर चार-पाचशे कार्डं वाट पाहत असतात. ते आकडे पाहून अनेकजण अ‍ॅपच काढून टाकतात.

उपाय अगदी घरगुती आहे. वसुबारसेच्या आठ-दहा दिवस आधी नव्या कार्डांचा आकडा शून्यावर आणायचा आणि उजळणी तेवढी चालू ठेवायची. जुनी कार्डं हळूहळू लांबच्या तारखांवर सरकतात, रोजचा ढीग ओसरतो आणि उरलेलं काम पाहुणे उठायच्या आत, चहाच्या कपाबरोबर उरकतं. सुट्टीत नवं शिकणं थांबलं तरी चालतं, जुनं मात्र सोडायचं नाही. त्याचबरोबर झोपही सोडायची नाही. जेंकिन्स आणि डॅलनबाख यांनी १९२४ मध्येच दाखवलं होतं, की पाठ केल्यावर जागं राहण्यापेक्षा झोपलं तर जास्त लक्षात राहतं. अभ्यंगस्नानाच्या पहाटे हे कुणाला सांगणार, हा प्रश्न वेगळा.

प्रवासाचं तंत्र निराळं. घाटात एसटीमध्ये पुस्तक उघडलं की मळमळतं, पण कान मोकळे असतात. या परीक्षेत श्रवणाला ६० पैकी किमान १९ गुण लागतात. एकूण बेरीज कितीही मोठी असली तरी त्याखाली गेलं की नापास. राजगडाच्या पायथ्यापर्यंत ऐकलेले संवाद म्हणजे खरा अभ्यासच. तेवढं लांब जायचं नसेल, तर सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे. ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर ते उभारलंय. तिथल्या पुलावर उभं राहून ‘हाशी’ म्हणून पाहावं. टोकियोच्या उच्चारात स्वर खालून वर गेला तर पूल, वरून खाली आला तर जेवायच्या काड्या.

आणि फराळ? तो तर शब्दकोशच. जपानी माणूस चावण्याचा आवाज शब्दातच पकडतो. शंकरपाळी खुसखुशीत झाली की ‘साकुसाकु’, चकली कडक आणि कुरकुरीत असली की ‘कारिकारि’. ज्या भाषेत खुसखुशीत, कुरकुरीत, लुसलुशीत हे शब्द रोजचे आहेत, तिच्यात वाढलेल्या मुलाला हे वेगळं शिकवावं लागत नाही. इंग्रजीतून जपानी शिकणाऱ्याला मात्र घाम फुटतो. वाक्याच्या शेवटी ‘ने’ जोडून दुजोरा मागायची जपानी सवयही ओळखीचीच. ‘अमाई देसु ने’ म्हणजे ‘गोड आहे ना’.

अडचण येते ती दिवाणखान्यात. ‘काय रे, जपानी शिकतोस म्हणे? बोलून दाखव!’ असं काका म्हणतात. जेएलपीटीत बोलण्याची परीक्षाच नसते, सगळे प्रश्न पर्याय निवडण्याचे. एन-३ ही मधली पातळी पास झालेलेही अशा वेळी लाडू तोंडात टाकून वेळ मारून नेतात. त्यांच्यासाठी सोपा श्रोता अंगणात असतो. भाच्याला सांगता येतं, की जपानीत या शोभेच्या दारूकामाला ‘हानाबी’ म्हणतात, हाना म्हणजे फूल आणि पुढे आग; म्हणजे तुझी फुलबाजीच की. भाचा लगेच भुईचक्राचं नाव विचारतो. त्याचंही उत्तर आहे : ‘नेझुमि-हानाबी’, उंदीर-हानाबी, कारण ते जमिनीवर गरगरत सैरावैरा पळतं आणि सगळ्यांना पाय वर घ्यायला लावतं.