संगणकाचा गोंगाट आणि वाळवंटाची धूळ

दुबई-शारजात उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो आणि वाळवंटाची बारीक धूळ बंद खिडक्यांच्या फटींतूनही घरात शिरते. गेमिंग संगणकाच्या जाळीवर ती साचली की हवा अडते, आतले भाग तापतात आणि पंखे जोरात फिरू लागतात. गोंगाट वाढतो तो इथेच. पंख्याचा वेग निम्म्यावर आणला, तर त्याचा आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. म्हणून जागा असल्यास १२० ऐवजी १४० मिलिमीटरचा पंखा बसवावा. तो सावकाश फिरूनही तेवढीच हवा ढकलतो. ग्राफिक्स कार्डचे व्होल्टेज जपून थोडे उतरवले, तर मुळात उष्णताच कमी होते. पण पैसे खर्च करण्याआधी संगणक बंद करा, पंखा बोटाने धरा आणि जाळी मऊ ब्रशने झाडा. पुष्कळदा तेवढ्यानेच खोली शांत होते.