तुटलेल्या तंतूंना वाट हवी

बोटातली चेता कापली गेली आणि ती वेळेवर शिवली, तर तिचे तंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटर वेगाने पुन्हा वाढू लागतात. मज्जारज्जूचे तसे नाही. तिथले तंतू तुटले, की कमरेखालचे शरीर जन्मभर लुळे पडू शकते. एकाच शरीरात हा भेद कशामुळे?

मज्जारज्जूतल्या तुटक्या तंतूंनाही कोंब फुटतात, पण ते लवकरच खुंटतात, हे स्पॅनिश शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते. तंतूंतच जोम कमी, की जागाच वाईट? याचा उलगडा १९८१ मध्ये मॉन्ट्रियलला झाला. सॅम्युएल डेव्हिड आणि आल्बर्ट अग्वायो यांनी उंदराच्या पायातल्या चेतेचा तुकडा घेऊन त्याचे एक टोक मेंदूच्या बुंध्यात आणि दुसरे मज्जारज्जूत रोवले. त्या तुकड्यातून तंतू सुमारे ३ सेंटिमीटर वाढले. मज्जारज्जूत शिरताच मात्र थबकले. बी कसदार होते, माती त्याला रुजू देत नव्हती. पुढे झुरिकच्या मार्टिन श्वाब यांनी दाखवले, की मज्जारज्जूतल्या तंतूंभोवतीच्या मायलिन नावाच्या आवरणात ही वाढ रोखणारी प्रथिने असतात. ‘नोगो’ हे त्यांतले एक.

गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांतला चिमुकला झेब्राफिश या अडचणीतून सुटला आहे. त्याचा मज्जारज्जू पूर्ण कापला, तरी सहा ते आठ आठवड्यांत तो पुन्हा पोहू लागतो. जखमेच्या दोन्ही काठांवरून ग्लिया, म्हणजे चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशी, पुढे सरकतात, पूल बांधतात आणि तंतू पलीकडे जातात. हा पूल उभारायला ‘सीटीजीएफ’ हे प्रथिन लागते, असे अमेरिकेत मेसा मोकलेद आणि केनेथ पॉस यांना २०१६ मध्ये आढळले. माणसाचे तेच प्रथिन दिल्यावरही माशाची जखम अधिक चांगली भरली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही याच प्रथिनाचा अभ्यास झाला असून, झेब्राफिशच्या मणक्यांमधल्या झिजलेल्या चकत्या ते पुन्हा घडवते, असे दिसले आहे.

माशाची ही विद्या माणसाच्या उपचारात अजून उतरलेली नाही. म्हणून शाबूत तंतू जपणे आज सर्वांत मोलाचे. मानेला किंवा पाठीला मार बसलेल्या अपघातग्रस्ताला हातापायांना धरून उचलू नका, बसवू नका. मान आणि पाठ सरळ रेषेत स्थिर ठेवा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.