साखर कारखान्यांतील यंत्रअपघात (अहिल्यानगर जिल्हा)

साखर कारखान्यांतील यंत्रअपघात म्हणजे उसाचे गाळप व साखरनिर्मिती करणाऱ्या यंत्रांच्या हलत्या भागांमुळे कामगारांना होणाऱ्या इजा होत. बोटे चिरडणे, हातपाय तुटणे, कपडे अडकून यंत्रात ओढले जाणे हे त्यांचे प्रमुख प्रकार आहेत. यंत्र सुरळीत चालू असताना कामगार सहसा हलत्या भागांपासून दूर असतो. अडकलेला ऊस काढणे, सफाई, वंगण आणि दुरुस्ती यांसाठी त्याला जवळ जावे लागते. त्यामुळे यंत्र थांबवणे आणि काम संपेपर्यंत ते थांबलेलेच ठेवणे, हा प्रतिबंधाचा गाभा आहे.

पार्श्वभूमी

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) हा महाराष्ट्रातील प्रमुख साखर उत्पादक जिल्ह्यांपैकी एक आहे. हरेगाव व टिळकनगर येथे स्वातंत्र्यपूर्व काळात खासगी कारखाने होते. विठ्ठलराव विखे पाटील व अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगर येथे उभ्या राहिलेल्या सहकारी कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ मध्ये झाला. पुढे संगमनेर, कोपरगाव, राहुरी, नेवासा, पाथर्डी, अकोले इत्यादी तालुक्यांत सहकारी कारखाने निघाले.

गळीत हंगामात कारखाना रात्रंदिवस तीन पाळ्यांत चालतो. तोडलेल्या उसाचे वजन व साखरेचे प्रमाण घटत जाते, त्यामुळे गाळप थांबू नये असा दबाव असतो. चालू यंत्रातच अडथळा दूर करण्याचा धोकादायक मोह यातून निर्माण होतो. हंगामी व कंत्राटी कामगार अनेक महिन्यांच्या खंडानंतर यंत्रांवर येतात, हीदेखील जोखमीची बाब आहे.

धोक्याची ठिकाणे

गव्हाणीत टाकलेला ऊस साखळीच्या वाहकाने पुढे जातो. येथे तोल जाऊन पडण्याचा किंवा साखळीत पाय अडकण्याचा धोका असतो. ऊस तोडणारी व पिंजणारी यंत्रे अतिवेगाने फिरतात आणि वीज बंद केल्यावरही जडत्वामुळे काही काळ फिरत राहतात. साखरेचे स्फटिक मळीपासून वेगळे करणाऱ्या अपकेंद्री यंत्रांतही हाच धोका असतो.

गाळपाचे रूळ संथ दिसतात, मात्र परस्परांकडे फिरणाऱ्या दोन रुळांमध्ये सापडलेली वस्तू आत खेचली जाते. रुळाच्या पृष्ठभागाचा वेग मिनिटाला १२ मीटर असेल, तर एका सेकंदात हात २० सेंटिमीटर आत जातो. गुऱ्हाळातील चरकात ऊस घालतानाही याच प्रकारे हात सापडतो. बगॅस वाहून नेणाऱ्या पट्ट्यांमध्ये सैल कपडे, उपरणे किंवा पदर अडकू शकतो.

प्रतिबंध

हलत्या भागांवर जाळी किंवा आवरण, हाताशी येणारी आपत्कालीन कळ व वाहकालगत ओढदोरी ही मूलभूत साधने आहेत. दुरुस्तीपूर्वी वीजपुरवठा तोडून मुख्य कळीला कुलूप लावतात आणि सूचनापाटी अडकवतात. किल्ली दुरुस्ती करणाऱ्याकडेच राहते, त्यामुळे दुसऱ्या पाळीतील कामगाराला यंत्र चुकून सुरू करता येत नाही.

कायदेशीर तरतुदी

कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २१ नुसार धोकादायक भागांना कुंपण आवश्यक ठरले. कलम २२ ने चालू यंत्राजवळील कामावर निर्बंध घातले. राज्यातील अंमलबजावणी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे देण्यात आली. कर्मचारी भरपाई अधिनियम, १९२३ च्या अनुसूचीत अंगठा गमावल्यास ३० टक्के आणि एका हाताची चार बोटे गमावल्यास ५० टक्के कमाईक्षमतेची हानी धरली होती. कलम १२ नुसार कंत्राटदाराच्या कामगाराच्या भरपाईची जबाबदारी मूळ मालकावरही येत असे. कामगाराने संरक्षक साधन हेतुपुरस्सर काढल्याचा बचाव मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाच्या प्रकरणी मालकाला घेता येत नाही. संसदेने २०२० मध्ये संमत केलेल्या कामगार संहितांत हे दोन्ही कायदे समाविष्ट करण्यात आले.

प्रथमोपचार

रक्तस्राव थांबवण्यासाठी जखमेवर स्वच्छ कापडाने घट्ट दाब देतात. तुटलेले बोट ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करतात आणि ती पिशवी बर्फात ठेवतात. बोट थेट बर्फावर ठेवल्यास ऊती खराब होतात. जखमीसोबत ते तातडीने रुग्णालयात नेल्यास पुनर्रोपणाची शक्यता टिकून राहते.