तुम्ही इथे उभेच नव्हता!

पोलंडमध्ये २०११ साली एक पटावरचा खेळ बाजारात आला आणि हातोहात संपला. नाव 'कोलेयका', म्हणजे रांग. प्रत्येक खेळाडूकडे खरेदीची यादी असते. आपल्या सोंगट्या दुकानांपुढे नेऊन उभ्या करायच्या आणि मालाची गाडी येण्याची वाट पाहायची. गाडी येईलच असं नाही आणि आली तरी आपण उभे आहोत त्याच दुकानाशी थांबेल असंही नाही. मग हातातली पानं टाकायची. लहान मूल घेतलेली बाई थेट पहिल्या नंबरावर जाते. पक्षाच्या कमिटीत ओळखीचा माणूस असेल तर उद्या कुठे माल उतरणार ते आजच कळतं. 'काउंटरखालचा माल' नावाचंही पान आहे. पण माझ्या मते सगळ्यात बोलकं पान म्हणजे 'साहेब, तुम्ही इथे उभेच नव्हता!' ते टाकलं की पुढच्याला मागं सारून आपण एक जागा पुढे.

हा खेळ काढला तो 'राष्ट्रीय स्मृती संस्थे'नं, म्हणजे कम्युनिस्ट काळातल्या गुप्त पोलिसांच्या फायली सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेनं. आईबापांनी तरुणपण कुठे घालवलं हे मुलांना कळावं, एवढाच हेतू. पुढे २०१६ मध्ये रशियात त्याच्यावर रशियाविरोधी असल्याचा आक्षेप आला आणि तिथली विक्री थांबली. पोलंडमधल्या मांसाच्या रांगेचा पट मांडला तर मॉस्कोला का झोंबावं, हे समजलं की कम्युनिझम परत येण्याबद्दल पोलिश माणसाला काय वाटतं तेही बरंचसं समजतं.

पहिली गोष्ट म्हणजे तो माणूस 'कम्युनिझम' हा शब्द फारसा वापरतच नाही. तो म्हणतो 'कोमुना'. आपल्याकडचे म्हातारे 'इंग्रजांच्या काळात' म्हणायचे, तसं तिकडे 'झा कोमुनी', कोमुनाच्या काळात. त्या शब्दात मार्क्स नाही, वर्गसंघर्ष नाही. दुकानाच्या मांडणीवर व्हिनेगरच्या बाटल्या आहेत, कारण बाकी काही नसलं तरी व्हिनेगर असायचं. १९७६ मध्ये साखरेला रेशनचं कार्ड लागलं, १९८१ मध्ये मांसाला, आणि मांसाचं कार्ड सुटलं ते थेट १९८९ च्या उन्हाळ्यात. रांगेत उभं राहणं हा तेव्हा धंदा होता. पैसे घेऊन दुसऱ्यासाठी उभे राहणारे लोक होते, रांगेच्या कमिट्या होत्या, नावांच्या याद्या होत्या आणि हजेरीला गैरहजर राहिलं की नाव कटत होतं. स्तानिस्वाव बारेया या दिग्दर्शकाच्या 'मिश' या विनोदी चित्रपटात खाणावळीतल्या वाट्या टेबलाला स्क्रूनं ठोकलेल्या आणि चमचे साखळीनं बांधलेले दाखवले आहेत. थट्टाच ती, पण पाहणाऱ्याला ती पटली यात सगळं आलं.

दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. पोलंडमध्ये कम्युनिझम उगवला नाही, तो परक्या सैन्याच्या मागून चालत आला. १७ सप्टेंबर १९३९ रोजी, हिटलरचं सैन्य पश्चिमेकडून घुसलेलं असताना, स्टालिनचं सैन्य पूर्वेकडून आत आलं. १९४० मध्ये कातिन आणि इतर ठिकाणी सुमारे २२ हजार पोलिश अधिकारी आणि सुशिक्षित लोकांना गोळ्या घातल्या गेल्या. लाखो माणसं गुरांच्या डब्यांतून सायबेरियात आणि कझाकस्तानात नेऊन टाकली. युद्धानंतर चाळीसेक वर्षं पोलंडमधली अधिकृत इतिहासाची पुस्तकं कातिनचं पाप नाझींच्या माथी मारत राहिली आणि घराघरांत आजोबा नातवंडांना दबक्या आवाजात खरं काय ते सांगत राहिले. त्यामुळे पोलिश मनात 'कोमुना' आणि 'रशिया' हे दोन शब्द नाहीतच, तो एकच शब्द आहे.

या हद्दपारीचा एक धागा थेट आपल्या कोल्हापूरपर्यंत येतो. १९४१ मध्ये हिटलरनं रशियावर हल्ला केल्यावर स्टालिननं यातल्या काही पोलिश लोकांना सोडलं. त्यांतली बायकामुलं इराणमार्गे भारतात पोचली आणि १९४३ ते १९४८ या काळात वळिवडे इथल्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. युद्ध संपलं तेव्हा त्यांच्यापुढे प्रश्न होता की परत जायचं कुठे? अनेकांची गावं आता सोव्हिएत संघात होती आणि उरलेल्या पोलंडवर त्यांना देशोधडीला लावणाऱ्यांचाच अंमल होता. कित्येक जण परतलेच नाहीत. ते इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिका अशा वाटांनी पांगले.

त्याच हद्दपारीत एक वेगळा मुलगाही होता. जमीनदार घरातला, कॅथलिक शाळेत शिकलेला. १९४१ मध्ये त्याच्या कुटुंबाला अल्ताई भागात नेलं. तिथे त्याचे वडील वारले आणि बर्फावरच्या उजेडानं त्याचे डोळे कायमचे अधू झाले. तो मात्र वळिवड्याच्या वाटेला न लागता सोव्हिएत छत्राखाली उभ्या राहिलेल्या पोलिश सैन्यात भरती झाला आणि चढत चढत वर गेला. १३ डिसेंबर १९८१ च्या रविवारी सकाळी पोलंडमधली मुलं 'टेलेरानेक' हा आपला आवडता कार्यक्रम बघायला टीव्हीपुढे बसली, तर कार्यक्रम लागलाच नाही. पडद्यावर गणवेशातला एक माणूस लष्करी कायद्याची घोषणा वाचत होता. काळ्या चष्म्याआडचे ते डोळे अल्ताईच्या बर्फानं बिघडवलेले होते. तो माणूस म्हणजे जनरल वोइचेख यारुझेल्स्की.

तोवर ग्दान्स्कच्या लेनिन गोदीत जन्मलेल्या 'सॉलिडॅरिटी' संघटनेची सदस्यसंख्या एक कोटीच्या घरात गेली होती. कामगारांच्या राज्याविरुद्ध कामगारच संपावर, पुढारी कोण तर लेक वालेसा नावाचा इलेक्ट्रिशियन, आणि गोदीच्या फाटकावर पोपचा फोटो! लष्करी कायद्यानंतर तीनच दिवसांनी 'वुयेक' खाणीत पोलिसांच्या गोळ्यांनी नऊ खाणकामगार मेले. तरीही यारुझेल्स्कीबद्दलचं लोकमत एकमुखी नाही. आपण हे केलं नसतं तर रशियन रणगाडे आले असते, असं तो मरेपर्यंत सांगत राहिला, आणि लष्करी कायदा योग्यच होता असं म्हणणाऱ्यांचं पारडं पाहण्यांमध्ये कित्येक वर्षं जड राहिलं. हे कोमुनाचं प्रेम नव्हे. 'आपल्याच माणसानं मारलं, परक्यानं मारलं असतं तर?' हा त्यामागचा हिशेब आहे. आणि हिशेबातला परका पुन्हा तोच.

आता खरा प्रश्न. कम्युनिझम परत येईल का? गंमत अशी की या प्रश्नाची परीक्षा पोलंडनं एकदा देऊन झाली आहे.

जून १९८९ च्या निवडणुकीत सॉलिडॅरिटीनं सिनेटच्या १०० पैकी ९९ जागा जिंकल्या आणि सेइममध्ये, म्हणजे कनिष्ठ सभागृहात, खुल्या ठेवलेल्या १६१ पैकी १६१. मग १ जानेवारी १९९० पासून अर्थमंत्री लेशेक बाल्त्सेरोविच यांचा जालीम उपाय सुरू झाला. त्या एका जानेवारीत भाव जवळपास ८० टक्क्यांनी चढले. दुकानं भरली, खिसे रिकामे झाले. कोमुनात बेकारी कागदावर नव्हतीच. १९९३ पर्यंत ती १६ टक्क्यांवर गेली. सगळ्यात वाईट हाल झाले सरकारी शेतमळ्यांवरच्या मजुरांचे. मळा बंद झाला की त्याच्याबरोबर नोकरी गेली, पाळणाघर गेलं, शहराला जाणारी बसही गेली. गावाच्या मधोमध चार मजली सिमेंटची इमारत उभी, आत माणसं आणि बाहेर काम नाही. नव्या पोलंडचं कौतुक करणारे लेख या गावांपाशी येऊन नेहमी गप्प होतात.

सप्टेंबर १९९३ मध्ये लोकांनी मतपेटीतून उत्तर दिलं. जुन्या कम्युनिस्टांच्या नव्या आघाडीला २० टक्के मतं आणि ४६० पैकी १७१ जागा मिळाल्या. उजवे पक्ष आपसांत इतके फुटले होते की त्यांची मतं पाच टक्क्यांच्या उंबरठ्यावर वाया गेली. दोन वर्षांनी अलेक्सांदर क्वाश्नियेव्स्की या माजी कम्युनिस्ट मंत्र्यानं खुद्द वालेसांना राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत हरवलं. ज्यांना सत्तेवरून खेचायला दहा वर्षं लागली, ते चार वर्षांत परत!

आणि त्यांनी केलं काय? १९९७ ची राज्यघटना त्यांच्या काळात आली. तिच्या १३ व्या कलमात नाझीवाद आणि फॅसिझमबरोबरच कम्युनिझमच्या हुकूमशाही पद्धतींचा आधार घेणाऱ्या पक्षांना बंदी आहे, आणि क्वाश्नियेव्स्कींनी तिच्यावर सही केली. १९९९ मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत पोलंड नाटोत गेला. जुन्या पक्षाच्या अखेरच्या पॉलिटब्युरोत बसलेले लेशेक मिलर पंतप्रधान असताना युरोपीय संघातल्या प्रवेशाच्या वाटाघाटी पुऱ्या झाल्या. थोडक्यात, कम्युनिस्ट परत आले, कम्युनिझम आला नाही. मतदारांनाही तो नको होता. त्यांना पगार हवा होता, वर्षातून एकदा कारखान्याच्या खर्चानं समुद्रकाठी जाता येईल अशी सुट्टी हवी होती, आणि उद्या नोकरीवरून काढणार नाहीत ही खात्री.

ही भूक पुढेही राहिली, पण तिनं घर बदललं. २०१५ मध्ये डाव्यांच्या आघाडीला साडेसात टक्के मतं पडली. आघाडीसाठी उंबरठा आठ टक्क्यांचा, त्यामुळे संसदेत एकही डावा नाही. जिंकला तो यारोस्वाव काचिन्स्की यांचा 'कायदा आणि न्याय' हा कट्टर कॅथलिक, कट्टर कम्युनिस्टविरोधी पक्ष. त्यानं दुसऱ्या मुलापासून दर मुलामागे महिना ५०० झ्वोती द्यायला सुरुवात केली, निवृत्तीचं वय पुन्हा खाली आणलं. शेतमळ्यांवरच्या उजाड गावांना कोमुनाकडून जी ऊब आठवत होती, ती आता चर्चच्या बाजूनं उभ्या असलेल्या पक्षाकडून मिळाली. पोलिश डावे आजही नीट सावरलेले नाहीत, त्याचं एक मोठं कारण मला हेच दिसतं.

शब्द मात्र उरला, आणि शिवीसारखा वापरला जाऊ लागला. काचिन्स्कींचा पक्ष सत्तेत असताना त्यांचे लोक विरोधकांना कोमुनाचे वारसदार म्हणत. विरोधक म्हणत, न्यायालयं ताब्यात घेणारे आणि सरकारी टीव्ही पक्षाचा करणारे तुम्हीच खरे कोमुना. कम्युनिस्टांचा निःपात करायला निघालेल्या याच पक्षानं न्यायव्यवस्थेतल्या बदलांचा किल्ला लढवायला पुढे केलं स्तानिस्वाव पिओत्रोविच यांना, जे लष्करी कायद्याच्या काळात सरकारी वकील आणि पक्षसदस्य होते. रस्त्यावरच्या निदर्शकांनी त्यांच्याच तोंडावर 'कोमुना चले जाव'च्या घोषणा दिल्या. हा शब्द आता कुणालाही चिकटतो, म्हणजे त्याचा अर्थ पातळ झाला आहे.

डिसेंबर २०२५ मध्ये तिथल्या घटना न्यायाधिकरणानं 'पोलिश कम्युनिस्ट पक्ष' घटनाबाह्य ठरवला. हा पक्ष २००२ मध्ये निघालेला, संसदेत कधी एक जागाही न मिळालेला. साप साप म्हणून भुई धोपटणं म्हणतात ते हेच. त्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी वोजिमियेश चाझास्ती हे डावे नेते सेइमचे सभापती झाले, आणि ते ऐंशीच्या दशकात जुन्या सत्ताधारी पक्षाचे सदस्य होते. एकीकडे चिमूटभर पक्षावर बंदी, दुसरीकडे माजी सदस्याच्या हाती सभागृहाचा दंडुका. पोलंडला यात विसंगती वाटत असेल तर ती सवयीची झाली आहे.

तरुणांचं काय? त्यांनी रांग पाहिली ती पटावरच. 'बार म्लेच्नी' या सरकारी अनुदानावर चालणाऱ्या स्वस्त खाणावळींत ते हौसेनं जेवतात. क्राकुवजवळ कामगारांसाठी वसवलेल्या नोव्हा हुता या वसाहतीत पर्यटक जुन्या त्राबांत गाडीतून फिरतात. तिथला लेनिनचा पुतळा १९८९ च्या डिसेंबरात काढला, आणि मधल्या चौकाला आता नाव आहे रोनाल्ड रेगन यांचं. २०१९ च्या प्यू पाहणीत ८५ टक्के पोलिश लोकांनी बहुपक्षीय लोकशाहीकडे वळल्याबद्दल पसंती दाखवली आणि बाजारी अर्थव्यवस्थेलाही तितक्याच जणांनी. उरलेल्यांतल्या म्हाताऱ्यांना हसू नये. त्यांच्यापैकी बरेच जण त्या बंद पडलेल्या मळ्यांवरचे असतील. पण तिथे कधीच न राहिलेला कुणी कोमुनाचे गोडवे गाऊ लागला, तर त्याला द्यायचं उत्तर खेळातल्या पानावर छापलेलं आहेच.

युक्रेनवरच्या रशियन हल्ल्यानंतर तर प्रश्नच मिटल्यासारखा झाला. २०२२ च्या फेब्रुवारीत सीमेवरून बायकामुलं यायला लागली तेव्हा पोलिश घरांत लेनिनबद्दल कुणी बोललं नसेल; बोलले असतील ते १९३९ बद्दल.

हे सारं समजून घ्यायला वॉर्साची वारी करायला हवी असं नाही. कोल्हापूरला गेलात तर महावीर उद्यानात पोलिश निर्वासितांचा स्मृतिस्तंभ आहे, तो पाहा. मग वळिवड्याकडे जा. पोलिश लोक निघून गेल्यावर त्यांच्याच बराकींत फाळणीत घरं सोडून आलेल्या सिंधी कुटुंबांनी संसार थाटले. आज तिथे गांधीनगरची कापडाची पेठ आहे.