विश्लेषण : पाळीव मांजराला कच्चे मांस द्यावे की शाकाहारी ठेवावे?

वसई पूर्वेतील गोखिवरे परिसरात जुनी गावठाणे, चाळी, औद्योगिक गाळे आणि नवी गृहसंकुले एकमेकांना खेटून उभी आहेत. अशा वस्तीत एकाच मजल्यावर एका घरी रोज मासळी शिजते आणि शेजारच्या घरात अंडेही चालत नाही. मांजर मात्र दोन्ही घरांत पाळले जाते. त्यामुळे त्याला काय खाऊ घालायचे, याची उत्तरे दोन टोकांची मिळतात. एक म्हणते, मांजर म्हणजे छोटा वाघ, त्याला कच्चे मांसच द्या. दुसरे म्हणते, आमच्या घरी आले की त्यानेही शाकाहारी व्हावे. या दोन्ही उत्तरांबद्दल पशुवैद्यकशास्त्र काय सांगते, याचा हा आढावा.

मांजराचे शरीर वेगळे कसे?

कुत्रा माणसाबरोबर राहून बऱ्याच अंशी मिश्राहारी झाला. मांजर तसे झाले नाही. प्राणिशास्त्रात त्याला अनिवार्य मांसाहारी म्हणतात. मांस त्याला आवडते, एवढाच याचा अर्थ नाही. जगण्यासाठी लागणारे काही घटक त्याचे शरीर वनस्पतींपासून तयारच करू शकत नाही. माणूस गाजरातील बीटा कॅरोटिनपासून ‘अ’ जीवनसत्त्व बनवतो, मांजराला ते जमत नाही. उन्हात बसून ‘ड’ जीवनसत्त्वही त्याला पुरेसे मिळत नाही. अॅराकिडोनिक आम्ल हे स्निग्धाम्ल आणि नायसिन हे ‘ब’ गटातील जीवनसत्त्व त्याला तयार स्वरूपात अन्नातूनच लागते. आर्जिनिन या अमिनो आम्लाबाबत तर ते इतके परावलंबी आहे, की आर्जिनिन अजिबात नसलेले एक जेवणही काही तासांत रक्तातील अमोनिया वाढवते, हे १९७८ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखवले. मांजराला गोड चवही कळत नाही. ती चव ओळखणारे जनुक त्याच्यात निकामी झालेले आहे.

टॉरिन इतके महत्त्वाचे का?

मांजराच्या आहाराच्या चर्चेतील सर्वांत महत्त्वाचा शब्द टॉरिन. हा घटक मांस, मासे, विशेषतः प्राण्यांचे हृदय यांत भरपूर असतो. डाळी, धान्ये, भाज्या यांत तो जवळपास नसतो. मांजराचे शरीर तो फारच थोडा बनवते आणि पित्तरसासाठी सतत खर्च करते. टॉरिन कमी पडले तर डोळ्याचा पडदा खराब होऊन अंधत्व येऊ शकते, हे १९७५ मध्ये सिद्ध झाले. हृदयाचे स्नायू पातळ होऊन हृदय फुगण्याच्या आजारामागेही टॉरिनची कमतरता असते, हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी १९८७ मध्ये दाखवले. ती मांजरे तयार मांसाहारी खाद्यच खात होती, पण त्यात टॉरिन कमी पडत होते. पूरक टॉरिन दिल्यावर अनेकांची हृदये सुधारली. त्यानंतर खाद्य उत्पादकांनी टॉरिनचे प्रमाण वाढवले. हे नुकसान महिनोन् महिने लपून राहते. मांजर खाते, खेळते, झोपते. मालकाला शंका येते तेव्हा दृष्टी गेलेली असते, आणि गेलेली दृष्टी सहसा परत येत नाही.

मग आजीचे मांजर दूध-भातावर कसे जगले?

शाकाहाराच्या बाजूने हमखास येणारा हा मुद्दा. गावाकडचे मांजर दूध-भात, दूध-भाकरी खायचे हे खरे. पण रात्री ते उंदीर, पाली, पक्षी, टोळ पकडायचे. टॉरिन आणि ‘अ’ जीवनसत्त्व त्याला तिथून मिळायचे, वाटीतले दूध हा वरकड खुराक होता. सातव्या मजल्यावरच्या, खिडक्यांना जाळी बसवलेल्या सदनिकेतील मांजराला ही सोय नाही. त्याच्या पोटात तेच जाते, जे घरातला माणूस वाटीत घालतो. म्हणून पूर्वी निभावलेली चूक आता निभावत नाही. शिवाय मोठ्या झालेल्या अनेक मांजरांना दुधातील साखर पचत नाही, त्यांना जुलाब होतात.

तयार शाकाहारी मांजरखाद्याचे काय?

टॉरिन कारखान्यात कृत्रिमरीत्या बनवता येते. ‘अ’ जीवनसत्त्व आणि इतर घटकही वरून घालता येतात. याच आधारावर परदेशात पूर्ण वनस्पतीजन्य मांजरखाद्य विकले जाते. २०२३ मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात १,३६९ मांजरांच्या मालकांच्या उत्तरांवर आधारित अभ्यास प्रसिद्ध झाला. वनस्पतीजन्य खाद्य खाणाऱ्या मांजरांचे आरोग्य मांसाहारी मांजरांपेक्षा वाईट असल्याचे त्यात दिसले नाही. मात्र हा अभ्यास मालकांनी दिलेल्या माहितीवर होता, रक्त किंवा हृदयाच्या तपासणीवर नव्हे. शाकाहारी मांजरांचे प्रमाण त्यात दहा टक्क्यांहूनही कमी होते. याउलट २००४ मध्ये अमेरिकेत दोन शाकाहारी मांजरखाद्यांची प्रयोगशाळेत तपासणी झाली, तेव्हा दोन्हींत आवश्यक घटक कमी आढळले. 

दुसरी अडचण लघवीची. वनस्पतीजन्य आहाराने मांजराची लघवी अल्कधर्मी होण्याकडे झुकते आणि खडे होण्याचा धोका वाढतो. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते. ती तुंबली तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. म्हणजे तत्त्वतः शक्य असले तरी हा प्रयोग पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली, नियमित तपासण्या करूनच होऊ शकतो. घरचा वरण-भात, पनीर किंवा सोयाबीन हा त्याला पर्याय नाही. कुत्र्यांसाठीचे शाकाहारी खाद्यही मांजराला चालत नाही, कारण कुत्र्याच्या खाद्यात मांजराला पुरेल इतके टॉरिन असेलच असे नाही.

कच्च्या मांसाचा आग्रह कुठून आला?

जंगलातील मांजरकुळातील प्राणी शिजवून खात नाहीत, हा सोपा तर्क. त्याला जोड दिली जाते ती अमेरिकेतील डॉ. फ्रान्सिस पॉटेंजर यांच्या १९३२ ते १९४२ दरम्यानच्या प्रयोगांची. शिजवलेल्या मांसावरील मांजरे पिढ्यान्पिढ्या दुबळी होत गेली आणि कच्च्या मांसावरील धडधाकट राहिली, असे त्यांनी नोंदवले. पण टॉरिनचे महत्त्व तेव्हा माहीतच नव्हते. शिजवताना टॉरिन पाण्यात उतरते. ते पाणी फेकले, तर मांजर त्याला मुकते. पॉटेंजर यांच्या निष्कर्षांचे हे अधिक पटणारे स्पष्टीकरण आज मानले जाते. म्हणजे दोष शिजवण्यात नाही, पाणी ओतून देण्यात आहे. चिकन थोड्या पाण्यात शिजवून ते पाणी, मीठ-मसाला न घालता, मांजरालाच दिले की हा प्रश्न बराचसा सुटतो.

कच्च्या मांसात धोका कोणता?

साल्मोनेला, लिस्टेरिया, ई. कोलाय, कॅम्पिलोबॅक्टर हे जिवाणू कच्च्या मांसात आढळतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने प्राण्यांसाठीच्या कच्च्या खाद्याचे १९६ नमुने तपासले, तेव्हा १५ नमुन्यांत साल्मोनेला आणि ३२ नमुन्यांत लिस्टेरिया सापडले. तिथल्या पशुवैद्यकांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१२ पासून कच्चे मांस न देण्याची भूमिका घेतली आहे. मांजर स्वतः ठणठणीत दिसले तरी त्याच्या विष्ठेतून, तोंडातून, वाटीतून जिवाणू घरभर पसरतात. लहान मूल, म्हातारी माणसे, केमोथेरपी घेणारा रुग्ण घरात असेल तर हा धोका थेट त्यांना असतो.

टोक्सोप्लाझ्मा या परजीवीचा मुद्दा गरोदर स्त्रियांसाठी महत्त्वाचा. कच्चे मांस किंवा उंदीर खाल्ल्याने मांजराला त्याची लागण होते आणि काही दिवस विष्ठेतून त्याची बीजे बाहेर पडतात. गरोदरपणात पहिल्यांदाच लागण झाली तर गर्भाला इजा होऊ शकते. म्हणून घरातून मांजर हाकलण्याची गरज नाही. ही बीजे संसर्गक्षम व्हायला किमान एक दिवस लागतो, त्यामुळे मांजराच्या शौचाची माती रोज बदलावी, ते काम घरातल्या दुसऱ्या व्यक्तीने करावे आणि मांजराला शिजवलेलेच द्यावे.

बर्ड फ्लूचा याच्याशी संबंध काय?

गेल्या काही वर्षांत कच्च्या मांसाविरुद्धचा सर्वांत गंभीर मुद्दा हाच ठरला आहे. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. त्यांना एच५एन१ बर्ड फ्लूची लागण झाल्याचे तपासणीत स्पष्ट झाले. त्यानंतर काही आठवड्यांतच नागपूरला लागून असलेल्या मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात पाळीव मांजरांमध्ये हा विषाणू आढळला. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात डिसेंबर २०२४ मध्येच घराबाहेर न जाणारे एक मांजर दगावले. त्याने खाल्लेल्या कच्च्या टर्की मांसातील विषाणू आणि मांजरातील विषाणू एकच निघाले.

वसई-विरारला हा विषय परका नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे जिल्ह्यातील शहापूरपाठोपाठ वसई-विरार परिसरातील कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू आढळला होता. हा विषाणू गोठवल्याने मरत नाही. मांसाच्या आतपर्यंत ७० अंश सेल्सियस उष्णता पोहोचली की मरतो. म्हणजे फ्रीजरमध्ये ठेवलेले कच्चे चिकन सुरक्षित नाही, कुकरमध्ये नीट शिजलेले चिकन सुरक्षित आहे.

नुसते चिकन किंवा मासळी पुरेशी आहे का?

नाही. मांसाहारी घरांत होणारी ही नेहमीची चूक. नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर, पण कॅल्शियम नगण्य असते. वाढत्या पिल्लाला महिनाभर फक्त चिकनचे तुकडे दिले तर त्याची हाडे ठिसूळ होऊन साध्या उडीनेही मोडू शकतात. स्वस्त मिळते म्हणून रोज कलेजी दिली तर ‘अ’ जीवनसत्त्व अति होऊन मानेची हाडे जुळतात आणि मांजराला मान वळवता येत नाही. 

अर्नाळा, पाचूबंदर, नायगावच्या कोळीवाड्यांमुळे वसईत ताजी मासळी मुबलक. पण काही जातींच्या कच्च्या माशांत ‘ब-१’ जीवनसत्त्व नष्ट करणारे विकर असते. त्याच्या कमतरतेने मांजराला झटके येतात. शिजवल्यावर ते विकर निष्क्रिय होते. सुक्या मासळीत मीठ फार असते. शिजवलेली हाडे अणकुचीदार तुटून आतड्याला भोक पाडू शकतात. रस्सा, कालवण तर मुळीच देऊ नये, कारण कांदा आणि लसूण मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात.

शाकाहारी घराने काय करावे?

बहुतेक घरांसाठी व्यवहार्य मार्ग म्हणजे मांजरांसाठीचे तयार ‘संपूर्ण’ खाद्य. त्यात मांस असते, पण ते घरात चिरावे, शिजवावे, फ्रीजमध्ये ठेवावे लागत नाही. पिशवी बाल्कनीत हवाबंद डब्यात, वाटी वेगळी, धुण्याची जागा वेगळी, एवढी व्यवस्था पुरते. पाकिटावर तीन गोष्टी पाहाव्यात. ते मांजरासाठी असल्याचा उल्लेख, ते ‘संपूर्ण व संतुलित’ असल्याचा उल्लेख (नुसता खाऊ नव्हे) आणि टॉरिनचे प्रमाण. अमेरिकी मानकानुसार पाण्याचा अंश वगळून कोरड्या खाद्यात किमान ०.१ टक्का आणि डबाबंद ओल्या खाद्यात ०.२ टक्के टॉरिन असावे. प्रौढ मांजरासाठी प्रथिने किमान २६ टक्के, पिल्लासाठी ३० टक्के. कोरडे खाद्य देताना पाणी मुबलक हवे.

तेही घरात नको असेल, तर मांजर आणण्याआधीच थांबणे प्रामाणिकपणाचे. ससा, गिनीपिग हे प्राणी जन्मतः शाकाहारी आहेत. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० नुसार पाळीव प्राण्याला पुरेसे अन्न न देणे हा गुन्हा आहे. अहिंसेच्या भावनेतून आणलेला जीव आपल्याच घरात कुपोषित होणे त्या भावनेशीही सुसंगत नाही.

खाद्य बदलताना कोणती काळजी घ्यावी?

‘भूक लागली की खाईल’ हा हट्ट मांजराच्या जिवावर बेततो. दोन-तीन दिवस पोटात काही गेले नाही तर, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साचून ते निकामी होऊ शकते. म्हणून नवे खाद्य जुन्यात थोडे थोडे मिसळत सात ते दहा दिवसांत बदलावे. आजवर दूध-भातावर किंवा नुसत्या चिकनवर राहिलेल्या मांजराची एकदा पशुवैद्यकाकडून तपासणी करून घ्यावी. अंधारात धडपडणे, लवकर दम लागणे, मागचे पाय ओढणे ही लक्षणे दिसली तर थांबू नये. आणि बोका पुन्हा पुन्हा बसूनही लघवी होत नसेल, तर रात्र असली तरी सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.